मेमरी फोमच्या गादीची सफाई

मेमरी फोमची गादी धुता येत नाही. तिच्यातली धूळ ओढून घेता येते, डागांवर जागच्या जागी उपाय करता येतो, वास घालवता येतो, खोळ काढून धुता येते. पण गादी पाण्यात बुडवणे, नळीने भिजवणे किंवा कपड्यांसारखी यंत्रात घालणे तिला सोसत नाही. व्यावसायिक सफाईचे सारे कसब त्यामुळे एकाच गोष्टीत आहे: आत कमीत कमी पाणी जाऊ द्यायचे आणि जे गेले ते त्याच दिवशी बाहेर काढायचे. चांगला कारागीर आणि वाईट कारागीर यांतला फरक गादी किती उजळली यावरून कळत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी किती कोरडी आहे यावरून कळतो.

याचे कारण फोमच्या घडणीत आहे. मेमरी फोम हा पॉलियुरेथेनचा एक प्रकार. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन रसायने थोड्या पाण्याबरोबर एकत्र आली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि मिश्रण पावाच्या पिठासारखे फुगून तसेच घट्ट होते. आत राहतात ती एकमेकांत उघडणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे. भरीव पॉलियुरेथेनचे वजन घनमीटरला सुमारे १२०० किलो असते, तर गादीच्या मेमरी फोमचे साधारण ५० किलो. म्हणजे गादीत पदार्थ जेमतेम ४ टक्के आणि बाकी हवा. साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि सहा इंच जाड गादीचे आकारमान ४६० लिटरच्या आसपास भरते. त्यातली सुमारे ४४० लिटर जागा रिकामी असते. एवढ्या रिकाम्या जागेत बादलीभर पाणी कुठच्या कुठे मुरते आणि वरचा कपडा मात्र तासाभरात सुकल्यासारखा वाटतो. फसगत होते ती इथेच.

या फोमचा जन्म विमानाच्या आसनांसाठी झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने १९६६ मध्ये तो तयार केला. धक्का शोषून घेणारा, दाब पसरवणारा आणि हळूहळू मूळ आकारात येणारा हा पदार्थ पुढे रुग्णालयांत, खेळाडूंच्या शिरस्त्राणांत आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधील फागरडाला या कंपनीमार्फत गाद्यांत आला. सफाईच्या दृष्टीने त्याचे दोन गुण लक्षात ठेवावे लागतात. एक, तो उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. दुसरा, तो दाबला की सावकाश वर येतो. ओला फोम स्वतःच्याच वजनाने ताणला जातो आणि पिळला किंवा घडी घातली तर फाटतो.

महाराष्ट्रातल्या घरांना गादीची देखभाल ठाऊक आहे, पण ती कापसाच्या गादीची. गादी गच्चीवर उन्हात टाकायची, काठीने झोडपायची आणि काही वर्षांनी पिंजाऱ्याकडे देऊन कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा, नवी खोळ शिवायची. ही पद्धत कापसासाठी उत्तम होती, कारण गादीचा आतला भाग बाहेर काढता येत असे. मेमरी फोमची गादी म्हणजे एकसंध ठोकळा, किंवा एकमेकांना चिकटवलेले दोन-तीन थर: वर दोन ते चार इंच मेमरी फोम आणि खाली अधिक ताठ फोम. यातले काहीच पिंजता येत नाही. झोडपल्याने फोमची छिद्रे तुटतात. कडक उन्हाचेही तसेच. बहुतेक फोममधले आयसोसायनेट असे असते की सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. म्हणून उघड्या फोमला ऊन दाखवू नये. खोळीसकट, सावलीत, वाऱ्यावर ठेवावे.

गादीत साचते काय, हे कळल्याशिवाय काय काढायचे ते ठरत नाही. झोपेत माणूस त्वचेवाटे आणि श्वासावाटे पाव लिटरच्या आसपास पाणी गमावतो. त्यातला काही भाग अंथरुणात जातो. त्याबरोबर घामातले क्षार, त्वचेचे तेल, केसांना लावलेले तेल आणि गळून पडणारी मृत त्वचा येते. या त्वचेवर डस्ट माइट नावाचे, पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीचे आठ पायांचे जीव जगतात. घरातल्या धुळीने होणाऱ्या ॲलर्जीमागे हे जीव आहेत, हे नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. दमा किंवा सकाळच्या शिंकांचे मूळ कधीकधी तिथे सापडते. हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली तर ते तग धरत नाहीत. ओल राखून केलेली सफाई त्यामुळे उलट त्यांच्याच पथ्यावर पडते.

जाणकार कारागीर आल्याबरोबर यंत्र सुरू करत नाही. तो आधी गादीवरची पट्टी वाचतो. खोळीला चेन दिसली म्हणून ती उघडायचीच असते असे नाही. काही गाद्यांची बाहेरची खोळ धुण्यासाठी काढता येते. काहींची चेन फक्त कारखान्यात फोम आत घालण्यासाठी असते. याची खबरदारी अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी विशेष घ्यावी. तिथे १ जुलै २००७ पासून गाद्यांना आगप्रतिबंधाचा कडक नियम लागू आहे आणि तो पाळण्यासाठी काही स्वस्त गाद्यांत खोळीच्या आत काचतंतूंचे आवरण घातलेले असते. अशा गादीची बाहेरची खोळ काढली तर काचेचे बारीक तंतू घरभर पसरतात, कपड्यांत आणि त्वचेत टोचत राहतात. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून अशा तंतूंवर १ जानेवारी २०२७ पासून बंदी ठरवली. पट्टीवर ‘ग्लास फायबर’ लिहिलेले असेल किंवा खोळ काढू नये अशी सूचना असेल, तर चेनला हात लावू नये.

पट्टी वाचून झाली की गादी उलटी करून खालची बाजू पाहायची. बहुतेक जण हे करत नाहीत, आणि दोष बऱ्याचदा तिथेच असतो. आपल्याकडे सामान ठेवायचे कप्पे असलेले बॉक्स पलंग सर्रास वापरले जातात. त्यांच्या प्लायवूडच्या सलग फळीवर गादी पडून असते, खालून हवा लागत नाही आणि शरीराकडून खाली उतरलेला ओलावा फळीवर अडतो. गादीच्या पोटाशी काळपट ठिपके आणि कुबट वास सापडतो तो यामुळे. फळीला भोके पाडून हवा खेळती ठेवल्याखेरीज वरून कितीही सफाई केली तरी महिन्या-दोन महिन्यांत वास परत येतो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात कोरड्या सफाईने होते, आणि दमेकऱ्याच्या घरात हाच टप्पा सगळ्यांत मोलाचा असतो. त्यासाठी हेपा गाळणी असलेला व्हॅक्यूम लागतो. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. साध्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकली जाते आणि ॲलर्जी असणाऱ्याचा त्रास त्या दिवशी वाढतो. कापडी फर्निचरसाठीचे रुंद तोंड लावून, एका हाताने कापड ताणून, सावकाश पट्टे मारायचे. शिवणी, कडा आणि गोटाखालची खाच यांत अरुंद तोंड फिरवायचे. मोठी गादी दोन्ही बाजूंनी नीट करायला अर्धा तास सहज जातो. पाच मिनिटांत यंत्र फिरवून डब्यातली धूळ दाखवणारा माणूस काम दाखवतो आहे, करत नाही. खोळ निघत असेल तर ती वेगळी धुवावी. कापड सहन करत असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात डस्ट माइट मरतात. नाजूक विणीची खोळ तेवढ्या तापमानाला आटते, म्हणून इथेही पट्टीवरची सूचनाच अखेरची.

मग डाग. घामाचे पिवळट डाग वरच्या कपड्यात असतात आणि सौम्य साबणाच्या फेसाने बरेच फिके होतात. फेस वापरायचा, साबणाचे पाणी नाही. पाणी आणि साबण घुसळून वर आलेला कोरडासा फेस मऊ ब्रशने लावायचा, पांढऱ्या टॉवेलने टिपायचा, मग साध्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने दोनदा पुसायचे. साबण मागे राहिला तर चिकट थर तयार होऊन गादी आधीपेक्षा लवकर मळते. रक्ताचा डाग असेल तर पाणी थंडच हवे. उष्णतेने रक्तातली प्रथिने गोठतात आणि डाग पक्का बसतो. उरलेल्या खुणेवर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने चालते, मात्र रंगीत खोळीचा रंग उडतो, म्हणून आधी कोपऱ्यात पाहून घ्यावे. डाग चोळू नये. चोळल्याने तो पसरतो आणि फोमची छिद्रे उखडतात.

सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जास्त बोलावणे येते ते लघवीच्या डागासाठी. घरात लहान मूल, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा किंवा पाळीव मांजर असले की हा प्रश्न येतोच, आणि त्यात कुणी लाजण्यासारखे काही नाही. कपड्यावर दिसणारे वर्तुळ ताटाएवढे असले तरी आत द्रव खाली जाताना पसरत जातो आणि तळाशी तो डाग परातीएवढा झालेला असतो. जुना डाग शोधायला कारागीर खोली अंधारी करून अतिनील किरणांची विजेरी वापरतात. वाळलेली लघवी तिच्या उजेडात पिवळसर-हिरवट चमकते. कपडे धुण्याच्या पावडरीतली उजळवणारी रसायनेही चमकतात, पण निळसर. हा फरक डोळ्याला सरावाने कळतो.

ताजी लघवी फारशी उग्र नसते. जिवाणू तिच्यातल्या युरियाचे विघटन करतात तेव्हा अमोनिया सुटतो आणि तो झोंबणारा वास येतो. शिवाय युरिक आम्लाचे स्फटिक मागे राहतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि दमट हवा आली की वास पुन्हा उठतो. पावसाळ्यात जुन्या गादीला अचानक वास येऊ लागतो तो यामुळे. अशा डागावर विकरे असलेले, म्हणजे एन्झाइमचे, द्रावण वापरतात. ते जिथवर लघवी गेली तिथवर पोचले पाहिजे, म्हणून त्या एका ठिकाणी मोजून अधिक द्रावण सोडावे लागते. कमीत कमी पाण्याच्या नियमाला केलेला हा जाणीवपूर्वक अपवाद. वरून प्लास्टिकचा कागद झाकून ते काही तास ओले ठेवायचे, कारण वाळले की विकरांचे काम थांबते. त्यानंतर ओला-सुका व्हॅक्यूम लावून पाणी खेचायचे, तळव्याने टॉवेल दाबून टिपायचे, पुन्हा खेचायचे. टॉवेलवर पिवळेपणा येईनासा झाला की थांबायचे. घाई झालेला कारागीर हा टप्पा वगळून सुवासिक फवारा मारतो. दोन दिवस बरे वाटते.

खायच्या सोड्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. तो खोटा नाही, पण त्याची मर्यादा आहे. सोडा अल्कधर्मी असतो. घामाचा आंबट वास आम्लांमुळे येतो, त्यामुळे तिथे सोडा उपयोगी पडतो: पातळ थर भुरभुरून काही तास ठेवावा आणि पूर्ण ओढून घ्यावा. अमोनिया स्वतःच अल्कधर्मी असल्याने जुन्या लघवीच्या वासावर सोड्याचा फारसा परिणाम होत नाही; तिथे पाण्यात मिसळलेले पांढरे व्हिनेगर अधिक कामाचे. दोन्ही एकत्र ओतले तर फेस येतो, समाधान वाटते आणि दोघेही एकमेकांना निकामी करतात. क्लोरीनचे ब्लीच मात्र कधीच नाही. ते फोम खराब करते, आणि लघवीतल्या अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो. बंद बेडरूममध्ये हा धोका खरा आहे. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांनी फोम फुगतो आणि ढासळतो.

शहरांत सोफा-सफाई करणारेच बहुधा गाद्याही करतात आणि त्यांच्याकडे गालिच्यांसाठी बनवलेले यंत्र असते. ते एका नळीतून दाबाने साबणाचे पाणी सोडते आणि दुसरीने खेचून घेते. गालिचा बोटभर जाड असतो, त्याला ते मानवते. सहा-आठ इंच फोममध्ये दाबाने सोडलेले पाणी पूर्ण परत येत नाही. यंत्र वरच्या थरातले तेवढे खेचते. मेमरी फोमवर या यंत्राचा खेचणारा भागच वापरावा, फवारणारा नव्हे. वाफेचेही तसेच. वाफेने वरच्या कपड्यातले जंतू आणि माइट मरतात हे खरे, पण आत गेलेली वाफ थंड होऊन पाणी बनते आणि उष्णतेने फोम व थरांमधला गोंद सैल पडतो. म्हणूनच मेमरी फोमच्या गादीवर वाफ वापरू नये असे कंपन्या सहसा बजावतात. अतिनील दिव्याच्या सफाईची जाहिरात अलीकडे जोरात आहे. त्या प्रकाशाचा परिणाम जिथे थेट पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर होतो. शिवणीच्या आत, कपड्याखाली तो पोचत नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

राहिले वाळवणे, आणि खरे तर निम्मे काम तेच आहे. ओली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते. गादी लांब कडेवर उभी करून भिंतीपासून वीतभर दूर टेकवायची, म्हणजे दोन्ही अंगांना हवा लागते. एक पंखा समोरून, एक मागून. गरम हवेचा झोत किंवा हेअर ड्रायर जवळ धरायचा नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की हलकी ओल संध्याकाळपर्यंत नाहीशी होते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. तिथे पंखा दमट हवाच फिरवत बसतो. खोली बंद करून एसी ‘ड्राय मोड’वर लावणे किंवा डीह्युमिडिफायर आणणे हाच उपाय. ज्याला निवड करता येते त्याने पावसाळ्यात गादी ओल्या सफाईला काढूच नये. ऑक्टोबरच्या उन्हाचे, दिवाळीआधीचे दिवस यासाठी चांगले. वाळली का हे पाहायला कपड्यावरून हात फिरवून उपयोग नाही. डागाच्या जागी टिश्यू कागदाची घडी ठेवून त्यावर जाड पुस्तकांचा गठ्ठा अर्धा तास ठेवावा. कागद ओलसर निघाला तर चादर घालायची वेळ आलेली नाही.

सफाई किती वेळा करावी, याला एक उत्तर नाही. कोरडी सफाई घरच्या घरी दोन-तीन महिन्यांनी, व्यावसायिकाकडून वर्षातून एकदा. ओला उपाय फक्त डाग पडला तर. ‘वर्षातून चारदा डीप क्लीनिंग’ असा करार विकणाऱ्याला नकार द्यावा. दर ओल्या सफाईत फोमला थोडा धोका पत्करावा लागतोच. त्या पैशांत पाणी अडवणारे, पण हवा जाऊ देणारे संरक्षक आवरण घ्यावे. लहान मुलांखाली पूर्वी मेणकापड घालत. आताची आवरणे तितकी उकाडा करत नाहीत आणि यंत्रात धुता येतात. कारागीर ठरवताना त्याला एवढेच विचारावे की पाणी किती वापरणार आणि वाळवण्याची जबाबदारी कुणाची. ‘पंखा लावून ठेवा, वाळेल’ असे उत्तर आले तर दुसरा शोधावा.

काही गोष्टी सफाईने दुरुस्त होत नाहीत. वयाने पिवळा पडलेला फोम मळलेला नसतो. तो घासून पांढरा होत नाही. मध्ये पडलेला खड्डा भरून येत नाही. ढेकूण झाले असतील तर ते शिवणींत आणि पलंगाच्या सांध्यांत लपतात. ते काम कीडनियंत्रणवाल्यांचे, आणि तेही एका फेरीत संपत नाही. फोमच्या आत बुरशीचे काळे डाग दिसत असतील तर वरून मारलेले औषध तिथवर जात नाही. दमा असलेल्या माणसाने अशा गादीवर झोपू नये.

पुरात भिजलेल्या गादीबद्दल तर दुमत असू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात घराघरांत पाणी शिरले. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी, चिखल, तेल आणि मेलेली जनावरे मिसळलेली असतात. नळाचे पाणी सांडून ओली झालेली गादी वाचवता येते. पुराचे पाणी प्यायलेला फोम कोणत्याही यंत्राने शुद्ध होत नाही, मग गादी महिन्याभरापूर्वी घेतलेली का असेना. ती घराबाहेर काढावी, नुकसानभरपाईच्या पंचनाम्यासाठी तिचे छायाचित्र घ्यावे, मधोमध कापून पालिकेच्या कचरागाडीत द्यावी आणि दुसऱ्या कुणालाही वापरायला देऊ नये.